टक्का ई शून्य

"जावईबापू, हिच्या लिंकमध्ये तेहतीस टक्के आहेत. मी दोनदा मोजले."

सासऱ्यांचा फोन आला तेव्हा जावई ऑफिसात नळांचे फोटो एका ओळीत बसवत होता. नळ आणि तोट्या बनवणाऱ्या एका कंपनीची वेबसाइट सांभाळणे ही त्याची नोकरी. त्याला आधी काही कळेचना.

"कोणाच्या लिंकमध्ये, बाबा?"

"तुमच्या सासूबाईंच्या. टक्का, ई, शून्य. टक्का, ए, चार. टक्का, आठ, सहा. मग परत टक्का, ई, शून्य. ओळभर हेच! काय छापलंय हे तुम्ही?"

"ते काही नाही हो बाबा. मशिनची भाषा असते ती. तिला काही अर्थ नसतो."

सासरे म्हणाले, "अर्थ नसलेलं अक्षर मी चाळीस वर्षांत एकदाही छापू दिलेलं नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

पण त्या टक्क्यांना अर्थ होता. चांगला खणखणीत मराठीत होता, आणि तो खुद्द जावयानेच लिहिला होता.

सासरे म्हणजे निवृत्त मुद्रितशोधक. पुस्तक छापून जाण्याआधी त्यातली चुकलेली वेलांटी, पळालेला काना, नको तिथे बसलेला अनुस्वार हुडकून काढायचा, यात त्यांची हयात गेली. घरी आलेल्या सांत्वनाच्या पत्रावरसुद्धा ते लाल खुणा करत. लग्नाआधी जावयाने लिहिलेले पहिले प्रेमपत्र त्यांच्या हाती लागले, तेव्हा हा माणूस रागावला नाही. त्यातले तीन अनुस्वार दुरुस्त करून त्यांनी ते मुलीच्या टेबलावर परत ठेवून दिले. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांचे कशातच लक्ष लागेना. दोन वर्षे खिडकीपाशी बसून होते. विचारले तर "बरं आहे" म्हणायचे आणि पुन्हा बाहेर बघायचे. घरातल्या सगळ्यांना धास्ती वाटायला लागली होती. मग एके दिवशी त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले आणि माणूस पुन्हा माणसांत आला.

ते आत्मचरित्र वेबसाइटवर चढवायचे काम अर्थातच जावयाकडे आले. त्रेचाळीस हजार शब्द! "प्रकरणांची वेगवेगळी पानं करू या का, बाबा?" असे त्याने विचारून पाहिले होते. "आयुष्याचे तुकडे करू नका," असे उत्तर आले. झाले, सगळे आयुष्य एकाच पानावर गेले. ते इतके लांब झाले की नातेवाईक कुरकुरायला लागले. "आमच्याबद्दल काय लिहिलंय ते कुठे आहे? सरकवून सरकवून बोट दुखायला लागलं."

यावर उपाय साधा होता. पानात जागोजागी खुणा घालायच्या, प्रत्येक खुणेला एक नाव द्यायचे आणि त्या नावाची लिंक पाठवायची. लिंक दाबली की माणूस थेट तिथेच जाऊन पोचतो. जावयाने तीन दिवस जेवणाची सुटी खर्ची घालून तेवीस खुणा केल्या. त्यासाठी त्याला सगळे त्रेचाळीस हजार शब्द वाचावे लागले. वाचून वाचून त्याचे डोके उठले, आणि या खुणांची नावे कोण वाचतोय असे वाटून त्याने जे मनात आले ते टाकले. ‘बढाई-एक’. ‘बढाई-दोन’. ‘हेच-मागेही-सांगितलंय’. ‘बढाई-तीन’. ‘इथे-झोप-लागली’.

नाव लिंकच्या शेपटाला चिकटते. पण मराठी नाव असले की लिंक कॉपी करताना मशिन त्याचा चुरा करते. एकेका अक्षराचे तीन तीन तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याआधी टक्क्याचे चिन्ह. त्यामुळे जावई निर्धास्त होता. त्या चुऱ्यातून कोण काय वाचणार? त्याने तेवीसच्या तेवीस लिंका सासऱ्यांना पाठवल्या आणि सासऱ्यांनी त्या ज्याच्या त्याला वाटून टाकल्या.

संध्याकाळी त्याने बायकोला सगळे सांगून टाकले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय काय नावं दिलीस? सांग बघू."

त्याने सांगितली. ‘बढाई-एक’ला ती हसली. ‘इथे-झोप-लागली’ला तर तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. "आणि आईच्या लिंकचं काय?"

जावयाने तेही सांगितले. "आईंना-दोन-ओळी."

बायकोचे हसू मावळले. "माझ्या आईला दोन ओळी?"

"मी नाही दिल्या! तुझ्या बाबांनी दिल्या! मी फक्त मोजल्या!"

खरेच होते. सासऱ्यांनी लिहिले होते, ‘याच वर्षी माझा विवाह झाला. पत्नी मनमिळाऊ आहे.’ आणि हस्तलिखिताची पुढची नऊ पाने त्या वर्षी छापखान्यात आलेल्या नव्या यंत्राबद्दल होती.

"हे बघ," बायको टॉवेल उचलत म्हणाली, "बाबांना हे कळता कामा नये. दोन वर्षं खिडकीत बसलेले पाहिलेत मी त्यांना. ते दुखावले आणि त्यांनी पेन खाली ठेवलं ना, तर बघ! तू आणि तुझे नळ, राहा मग एकत्र."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या जावयाने सगळ्या खुणांची नावे बदलून टाकली. ‘बालपण’, ‘शाळा’, ‘छापखाना’, ‘मित्र’, ‘लग्न’, ‘घर’, ‘आत्या’, अशी सभ्य, सोज्वळ नावे. त्याला हायसे वाटले. दुपारी दीड वाजता फोन वाजला.

"जावईबापू, आत्ताच माझ्या बहिणीचा फोन होता. ती म्हणते, दादा, माझ्याबद्दल काय लिहिलंस ते बघायला लिंक दाबली, तर तू जन्माला येतोयस. तीनदा दाबली. तीनदा जन्माला आलो मी. हा काय प्रकार आहे?"

प्रकार असा होता की जुनी खूणच नाहीशी झाली, तर जुनी लिंक बिचारी पानाच्या डोक्यावर जाऊन उभी राहते. आणि पानाच्या डोक्यावर सासऱ्यांचा जन्म होता. तासाभरात अकरा नातेवाइकांनी तो पाहिला. जावयाने घाईघाईने जुनी नावे पुन्हा जागेवर घातली. पण नवीही तशीच राहू दिली, आणि सासऱ्यांना निरोप पाठवला. ‘बाबा, आधीच्या लिंका कृपया पुसून टाका. नव्या पाठवतो आहे. अनुक्रमे बालपण, शाळा, छापखाना, मित्र, लग्न, घर, आत्या...’ पुढे सगळी यादी दिली.

लगेच फोन आला. "ही दुसरी आवृत्ती का?"

"हो. म्हणजे... सुधारित."

"मग शुद्धिपत्र कुठे आहे?"

"अं?"

"पहिल्या आवृत्तीत चूक होती, म्हणून दुसरी काढलीत ना? चूक काय होती ते सांगायला नको? असू द्या. दोन्ही प्रती आहेत माझ्याकडे. ताडून बघतो."

जावयाला त्या क्षणी यात काही वावगे वाटले नाही. बायकोला सांगितले, तेव्हा तिने कपाळावर हात मारला.

"अरे, चुरा त्यांच्याकडे होताच. आता त्या चुऱ्याचं उत्तरही तूच हातात दिलंस की!"

"हॅ! प्रत्येक अक्षराचे तीन तुकडे असतात, हे त्यांना कुठून कळणार?"

गुरुवारी संध्याकाळी दोघेही सासऱ्यांकडे गेले आणि दारातच जावयाचे धाबे दणाणले. जेवणाच्या टेबलावर चौकटींचे कागद पसरले होते. शेजारी लाल पेन, भिंग आणि आखणीची पट्टी. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर असे तेज बायकोने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. एरवी तिला आनंद झाला असता.

"या, या! जावईबापू, तुम्ही म्हणालात अर्थ नाही. अर्थ आहे!"

"ह... हो का?"

"बालपण घ्या. तुकडे मोजले. पंधरा निघाले. बालपणात अक्षरं चार. चारानं पंधराला भाग जात नाही. कोणीही इथेच सोडून दिलं असतं. पण आमच्या छापखान्यात कानाला अक्षरासारखाच वेगळा शिशाचा खिळा असायचा. काना वेगळा धरला की झाली पाच. पाच त्रिक पंधरा! तुमच्या मशिनला जोडणी आमच्याच कोणीतरी शिकवलेली दिसते."

सगळ्या ऑफिसात ही गोष्ट माहीत असलेली दोन माणसे असतील, आणि इथे पंच्याहत्तरीच्या माणसाने ती चौकटीच्या कागदावर काढली होती.

"एकोणीस खिळे लागलेत आतापर्यंत," सासरे कागद पुढे करत म्हणाले. "आता पहिल्या आवृत्तीकडे वळतो. ही बघा पहिलीच. ब, मग एक रिकामं घर, मग काना, मग आणखी एक रिकामं घर. पुढे आडवी रेघ."

"बहार!" जावई ओरडलाच. "बहार असेल, बाबा! बहार-एक!"

"र मला घर आणि मित्र या दोन्हींत मिळालाय. शेवटचं घर र नाही."

"मग भलाई!" असे म्हणून त्याने जीभ चावली, कारण ई आपणच फुकट देऊन बसलो हे त्याच्या लक्षात आले.

सुदैवाने सासऱ्यांचे लक्ष पहिल्या अक्षरावर होते. "भ नाही, ब आहे. नीट बघत चला जरा. बरं, ते राहू दे, ही तुमच्या सासूबाईंची घेऊ. आ मिळालाय आत्यामधून. आ, दोन रिकामी घरं, मग ना. यातलं पहिलं रिकामं घर आणि ‘ब’च्या शब्दातलं शेवटचं घर एकच आहे, एवढं कळतंय."

बायकोने टेबलाखालून जावयाच्या पायावर पाय दिला. काहीतरी कर, असा त्याचा अर्थ होता. "बाबा, चहा गार होतोय," एवढेच तो म्हणाला.

"माझी लिंक ना ती?" सासूबाई ताटल्या पुसत पुसत बाहेर आल्या. "मग ‘आईंना’ असेल. जावईबापू मला आईच म्हणतात की."

झाले! सासऱ्यांनी पेन उचलले. "आ, ई, अनुस्वार, ना. आईंना! शाबास! म्हणजे ई मिळाली." त्यांनी ती ई उचलून वरच्या ओळीत नेऊन ठेवली. "ब, काहीतरी, काना, ई." आणि त्यांचे पेन तिथेच थबकले.

सासूबाईंच्या हातातली ताटली तेवढी पुसली जात होती. ती केव्हाच कोरडी झाली होती.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सगळे कागद एकावर एक रचले. "उरलेलं मी एकटा लावीन," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही चहा घ्या आणि निघा."

पुढचे तीन दिवस जावयाने कसे काढले ते त्याचे त्यालाच ठाऊक. नळांच्या पानावर त्याने गिझरचे फोटो चढवले. साहेबांच्या नजरेस येईपर्यंत ते तिथेच होते. बायको सकाळ संध्याकाळ आईला फोन करायची आणि ऐकलेले सगळे मोठ्याने सांगायची. "बाबा जेवायला टेबलावर येत नाहीत. ताट खोलीत मागवतात." मग, "दार लावून बसलेत." आणि शनिवारी, "आईला म्हणाले, जावयाला म्हणावं उद्या दहाला ये. एकटाच ये."

"माफी मागायची," बायकोने बजावले. "काहीही म्हणाले तरी हो म्हणायचं. आणि गंमत केली असं तर चुकूनही बोलायचं नाही."

जावई पावणेदहालाच दाराशी जाऊन उभा राहिला. सासऱ्यांनी त्याला आपल्या खोलीत, पलंगासमोर बसवले. त्यांच्यासमोर एकच कागद होता आणि त्यावर तेवीस ओळी होत्या. एकही घर रिकामे नव्हते.

"बाबा, माझं चुकलं. मी खरंच..."

"थांबा. मुद्रितं वाचताना मध्ये बोलायचं नसतं." त्यांनी लाल पेन पहिल्या ओळीवर ठेवले. "बढाई-एक. मान्य. बढाई-दोन. मान्य. बढाई-तीन." ते थांबले. "हे मला मान्य नाही. तो प्रसंग खरोखर घडला होता. मी एकट्यानं ते पुस्तक वाचवलं होतं."

"हो बाबा."

"हो काय? पटलं का?"

"थोडं जास्त वाटतं, बाबा," जावई म्हणाला आणि लगेच पस्तावला.

सासऱ्यांनी समासात बारीकसे काहीतरी लिहिले. "पुढे. हेच-मागेही-सांगितलंय. कुठे सांगितलंय?"

"शाळेत. आणि... बालपणातही."

"दोनदा?" ते खरोखरच चपापले. "काढतो. इथे-झोप-लागली. इथे मला स्वतःलाही लागली होती लिहिताना." आणि त्यांनी बाजूच्या हस्तलिखितातला तो सगळा भाग एका तिरप्या रेघेने उडवून दिला.

जावई त्या रेघेकडे बघत राहिला. त्याला रडू येईल की काय असे वाटायला लागले. "बाबा, तुम्ही दुखावला असाल तर..."

"दुखावलो ना! अहो, दोन दिवस जेवण गेलं नाही." सासऱ्यांनी पेन खाली ठेवले. "पण त्याआधी चार महिने काय चाललं होतं माहितीय? तेवीस माणसांना पुस्तक दिलं. सगळे म्हणाले, छान. वा, छान. फारच छान. त्रेचाळीस हजार शब्दांत एकाला एक चूक सापडू नये? मी तर समजून चुकलो होतो, की कोणीही वाचत नाहीये. तुम्ही एकट्यानं वाचलंत. कंटाळलात, वैतागलात, पण शेवटपर्यंत वाचलंत." त्यांचा आवाज जरा ओलसर झाला आणि ते त्यांना आवडले नसावे, कारण ते लगेच डाफरले, "आणि बढाई-दोनमधल्या दोनला तुम्ही पुढे उगाच मोकळी जागा सोडली आहे! तिचाही एक जादा तुकडा पडलाय. गैरसमज झाला माझा."

"दुरुस्त करतो, बाबा!" जावई आनंदाने म्हणाला. तीन दिवसांनी त्याला पहिल्यांदा भूक लागल्यासारखे वाटले.

"आता ही शेवटची." सासऱ्यांनी आवाज खाली आणला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. "आईंना-दोन-ओळी. यावर मला काही बोलायचं नाही." उशीखालून त्यांनी कागदांची एक घडी काढली. हाताने लिहिलेली चौदा पाने. "ही तिथे घाला. तिला आत्ताच काही सांगू नका."

"पण खुणेचं नाव, बाबा? चौदा पानं, आणि नाव दोन ओळी?"

"राहू द्या. लिंका गेल्यात वाटून. परत मला जन्माला घालू नका."

ती चौदा पाने सोमवारी जेवणाच्या सुटीत जागेवर बसली. मंगळवारी सकाळी जावयाच्या टेबलावरचा फोन वाजला. सासूबाई होत्या. त्यांनी आजवर कधी त्याच्या ऑफिसात फोन केला नव्हता. झाले तेवढे पुरे नव्हते की काय, असे म्हणत त्याने फोन उचलला.

"अहो जावईबापू, मी ते वाचलं. यांनी घातलेलं. उशीखाली त्याचा कच्चा खर्डाही सापडला."

"आवडलं का, आई?"

"वाचलं," सासूबाई म्हणाल्या. "चौदा पानांतली साडेअकरा त्या यंत्राचीच आहेत. पण तेराव्या पानावर, मधोमध, एक वाक्य आहे. तुम्ही पाहिलंत?"

जावयाने पाहिले होते. टाइप करताना त्याचा हात तिथे थांबला होता. ‘हिला शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळत होती. मी नको म्हणालो. चूक माझी होती.’

"पाहिलं, आई."

"मग मला थेट त्या वाक्यावर जायची लिंक करून द्या. दाबलं की तेच दिसलं पाहिजे. पिवळं वगैरे होतं ना, तसं करा. मधलं काही नको."

"करतो, आई. आत्ता करतो." मग त्याच्या लक्षात आले. नाव! पुन्हा एक नाव द्यायचे होते. "खुणेला... नाव काय देऊ?"

"नाव कशाला? नुसता आकडा घाला. चव्वेचाळीस." सासूबाई म्हणाल्या. "तेवढी वर्षं वाट बघितली मी त्या वाक्याची. आणि झाली की सगळ्यांना पाठवा. यांना तर दोनदा पाठवा."